बेस गिटारसाठी ऑक्टेव्ह पेडल कसे निवडावे

बेस गिटारवर वाजलेला स्वर ओळखून त्याच्या एक सप्तक खालचा स्वर तयार करणे आणि तो मूळ आवाजात मिसळणे, हे ऑक्टेव्ह पेडलचे काम आहे. काही पेडले दोन सप्तके खालचा, तर काही एक सप्तक वरचा स्वरही देतात. काम सोपे वाटत असले, तरी नवीन वादकाची निराशा करणाऱ्या पेडलांमध्ये याचा क्रमांक वरचा लागतो. दुकानातल्या मोठ्या अँपवर किंवा हेडफोन लावून पाहिलेल्या चित्रफितीत जो घुमारदार खर्ज ऐकू येतो, तो घरच्या लहान अँपवर उमटत नाही, किंवा जाड तारेवर उतरल्याबरोबर आवाज अडखळू लागतो. हा दोष बहुतेक वेळा पेडलचा नसतो, निवडीच्या क्रमाचा असतो. पेडलमध्ये किती सोयी आहेत हे पाहण्याआधी आपण कोणत्या फ्रेटांवर (बेसच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर), कोणत्या स्पीकरमधून आणि कोणत्या जागी वाजवतो हे पाहावे, म्हणजे निवड जवळपास आपोआप होते. नाशिकमध्ये कॉलेजच्या बँडमध्ये, ऑर्केस्ट्रात किंवा चर्चच्या वाद्यवृंदात बेस वाजवू लागलेल्या आणि पहिलेच ऑक्टेव्ह पेडल घेऊ इच्छिणाऱ्या वादकांसाठी तोच क्रम येथे मांडला आहे.

प्रथम उपयोग ठरवावा

या पेडलचे मुख्य उपयोग तीन आहेत. पहिला म्हणजे सिंथेसायझरसारखा बेस. मूळ आवाज पूर्ण बंद करून फक्त खालचे सप्तक ठेवले आणि बाराव्या फ्रेटच्या आसपास वाजवले, की कीबोर्डवर वाजवल्यासारखा गोल, किंचित गुरगुरणारा आवाज मिळतो. नृत्यप्रधान चित्रपटगीतांतील पुष्कळशा बेस ओळी अशा रीतीने वाजवता येतात. दुसरा उपयोग भरीव आवाजाचा आहे. गिटार, बेस आणि ड्रम एवढ्याच तीन वाद्यांच्या बँडमध्ये गिटारवादक सोलो वाजवू लागला, की मधली जागा रिकामी पडते, आणि मूळ स्वराला खालच्या किंवा वरच्या सप्तकाची जोड देऊन ती भरून काढता येते. तिसरा उपयोग म्हणजे चार तारांच्या बेसवर नसलेले खालचे स्वर मिळवणे. या तिसऱ्या हेतूने पेडल घेणाऱ्याने मात्र थांबून विचार करावा. प्रत्येक गाण्यात खालचा डी किंवा सी लागत असेल, तर पाच तारांचा बेस घेणे किंवा जाड तार उतरवून लावणे हाच योग्य मार्ग आहे, कारण पेडलमधून आलेल्या खालच्या स्वराला तारेवर बोट पडल्याचा ठोस आघात नसतो.

फ्रेट आणि हर्ट्झ यांचा हिशेब

चार तारांच्या बेसवरील मोकळ्या तारांची कंपनसंख्या साधारणपणे ई ४१, ए ५५, डी ७३ आणि जी ९८ हर्ट्झ अशी असते. एक सप्तक खाली जाणे म्हणजे ही संख्या निम्मी होणे. म्हणजे मोकळ्या ई तारेचा खालचा स्वर सुमारे २०.६ हर्ट्झवर येतो, आणि माणसाच्या कानाची खालची मर्यादा साधारण २० हर्ट्झ धरली जाते. असा स्वर पेडलने अचूक तयार केला तरी तो संगीत म्हणून ऐकू येत नाही. तो फक्त अँपची शक्ती खातो आणि स्पीकरचा पडदा हलवत राहतो. याउलट ए तारेच्या बाराव्या फ्रेटवरचा ए ११० हर्ट्झचा असतो. त्याचे खालचे सप्तक ५५ हर्ट्झवर, म्हणजे मोकळ्या ए तारेच्या जागी येते आणि ते स्पष्ट ऐकू येते. म्हणून हे पेडल जाड तारेवर आणखी खोल जाण्याचे साधन मानू नये. वरच्या फ्रेटांवर वाजवत असताना खालची बाजू टिकवून ठेवण्याचे ते साधन आहे. दोन सप्तके खालचा स्वर हवा असेल, तर डी आणि जी तारांच्या वरच्या भागातच वाजवावे लागेल. नवीन वादकाला त्या नॉबचा उपयोग क्वचितच होतो, असे माझे मत आहे.

स्पीकर आणि खोली

सरावाच्या लहान अँपमध्ये बहुधा आठ किंवा दहा इंची स्पीकर असतो आणि ४० हर्ट्झच्या आसपासचा मूळ स्वर त्यातून फारच क्षीण बाहेर पडतो. तरीही मोकळी ई तार आपल्याला ऐकू येते, कारण ८२, १२३ हर्ट्झ अशा वरच्या उपस्वरांवरून, म्हणजे मूळ स्वराच्या पटीत त्याच्यासोबतच उमटणाऱ्या स्वरांवरून, मेंदू मूळ स्वर भरून घेतो. ऑक्टेव्ह पेडलच्या बाबतीत ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते. एखादे पेडल उपस्वर गाळून अगदी मऊ खालचे सप्तक देत असेल, तर लहान स्पीकरवर त्यातले जवळपास काहीच शिल्लक राहत नाही. ज्याच्या खालच्या सप्तकात थोडी खरखर आणि मध्यम पट्टीतील उपस्वर आहेत, ते पेडल त्याच स्पीकरवर चांगले ऐकू येते. घरच्या अँपवर खोल खर्ज यावा म्हणून नॉब पूर्ण फिरवणे धोक्याचे आहे, कारण न ऐकू येणाऱ्या कंपनांमुळे स्पीकरचा पडदा मर्यादेबाहेर हलून कायमचा बिघडू शकतो.

खोलीमुळेही फसगत होते. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये सुमारे चार मीटर अंतर असेल, तर ४३ हर्ट्झच्या आसपासचे स्वर त्या खोलीत फुगतात, आणि फ्लॅटमधल्या नेहमीच्या बेडरूमची लांबी साधारण एवढीच असते. त्यामुळे घरी एखादाच स्वर दणदणीत वाटतो आणि शेजारच्या फ्रेटवरचा स्वर नाहीसा झाल्यासारखा वाटतो. पेडलला नावे ठेवण्याआधी खोलीत दोन-तीन जागी उभे राहून तोच स्वर ऐकावा. छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरच्या लॉन्समध्ये, उघड्या मैदानात वाजवताना परिस्थिती नेमकी उलटी असते. भिंतींचा आधार नसल्याने खालचे स्वर पसरून जातात, आणि मोठे सबवूफर नसतील तर खर्ज व्यासपीठापलीकडे पोहोचत नाही.

सर्किटचे दोन प्रकार

जुन्या पद्धतीच्या ॲनालॉग पेडलमध्ये येणाऱ्या तरंगाची आवर्तने मोजली जातात आणि फ्लिप-फ्लॉप नावाचे सर्किट दर दोन आवर्तनांमागे एक आवर्तन तयार करते. कंपनसंख्या निम्मी होते ती अशी. मोजणी नीट व्हावी म्हणून आधी फिल्टर लावून उपस्वर कमी केलेले असतात. तरीही उपस्वर जोरकस राहिले, किंवा शेजारची तार त्याच वेळी कंप पावत असली, तर सर्किटची मोजणी चुकते आणि खालचा स्वर उड्या मारू लागतो. ही मोजणी नीट साधण्याला वादकांच्या भाषेत ट्रॅकिंग म्हणतात. अशी पेडले एका वेळी एकच स्वर सांभाळतात. दोन स्वर एकत्र छेडले की गोंधळतात. त्यांच्या आवाजाला मात्र स्वतःचे असे दाट, सिंथसारखे रूप असते, आणि बेसवादकांना ते का आवडते हे एकदा ऐकल्यावर सांगावे लागत नाही.

दुसरा प्रकार डिजिटल पॉलिफोनिक पेडलांचा आहे. त्यांत एकाच वेळी अनेक स्वरांचे सप्तक बदलते, दोन-तीन स्वरांचे कॉर्ड चालतात आणि वरचे सप्तकही स्वच्छ मिळते. गणनेला वेळ लागत असल्यामुळे काही पेडलांवर बोट आणि आवाज यांत किंचित अंतर जाणवते, विशेषतः जाड तारेवर. ४१ हर्ट्झच्या स्वराचे एकच आवर्तन पूर्ण व्हायला सुमारे २४ मिलिसेकंद लागतात, तर ११० हर्ट्झला ९. वरच्या फ्रेटांवर दोन्ही प्रकारची पेडले अधिक चपळ का वाटतात, याचे कारण या आकड्यांत आहे.

एकेकच स्वर वाजवणाऱ्या आणि सिंथसारखा किंवा भरीव आवाज हवा असलेल्या नवीन वादकाने पहिल्या प्रकारचे पेडल घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. कॉर्ड वाजवणारे, एकट्याने बेसवर मैफल रंगवू पाहणारे किंवा वरच्या सप्तकातून ऑर्गनसारखा आवाज काढू इच्छिणारे वादक यांनी दुसऱ्या प्रकाराकडे वळावे.

बाजारातील काही पेडले

बॉस कंपनीचे ओसी-२ हे १९८२ मध्ये आले आणि २००३ पर्यंत त्याचे उत्पादन चालू होते. एक सप्तक खाली, दोन सप्तके खाली आणि मूळ आवाज यांसाठी त्यात तीन वेगळे नॉब होते. वेल्सचे बेसवादक पिनो पलाडिनो यांनी १९८० च्या दशकात फ्रेटलेस, म्हणजे फ्रेट नसलेल्या बेसवर या पेडलचा जो वापर केला, त्यामुळे हा आवाज जगभरच्या बेसवादकांच्या कानात बसला. त्यानंतर ओसी-३ आणि २०२० मध्ये ओसी-५ आले. ओसी-५ मध्ये ओसी-२ सारखा जुना मोड आणि पॉलिफोनिक मोड दोन्ही असल्याने, कोणता प्रकार आपल्याला मानवतो हे अजून न समजलेल्या वादकाला ते सोयीचे पडते.

एमएक्सआर कंपनीच्या बेस ऑक्टेव्ह डिलक्समध्ये खालच्याच सप्तकाचे दोन वेगळे आवाज आहेत. ग्रोल नावाच्या नॉबवर मध्यम पट्टी उठून दिसणारा आणि गर्थ नावाच्या नॉबवर मऊ व खोल असा आवाज मिळतो, आणि दोन्ही हव्या त्या प्रमाणात मिसळता येतात. लहान स्पीकरबद्दल वर जे सांगितले ते लक्षात घेता ही रचना मला फार समंजस वाटते, कारण घरी ग्रोल वाढवून आणि मोठ्या यंत्रणेवर गर्थ वाढवून एकच पेडल दोन्हीकडे चालवता येते. स्वीडनच्या ईबीएस कंपनीच्या ऑक्टाबेसवर खालच्या सप्तकाचा पोत बदलणारा तीन जागांचा खटका आहे. ॲग्विलारच्या ऑक्टामायझरमध्ये मूळ आवाज आणि सप्तक या दोघांना आपापला टोन नॉब दिलेला आहे. पॉलिफोनिक प्रकारात इलेक्ट्रो-हार्मोनिक्सची मायक्रो पॉग आणि नॅनो पॉग ही पेडले प्रसिद्ध आहेत, आणि टीसी इलेक्ट्रॉनिकच्या सब-एन-अपमध्ये पॉलिफोनिक व जुन्या धर्तीचे असे दोन्ही मोड आहेत. ब्रँड कोणताही असो, मूळ आवाज आणि सप्तक यांचे नॉब वेगळे आहेत एवढे मात्र पाहावेच. गिटारसाठीच्या काही स्वस्त पेडलांत दोघांना मिळून एकच मिश्रणाचा नॉब असतो आणि बेसवर तो अपुरा पडतो.

आपल्याकडे आधीच बेससाठीचे मल्टी-इफेक्ट्स यंत्र (अनेक पेडलांचे काम एकत्र करणारे) असेल, उदाहरणार्थ झूमचे बी१ फोर, तर त्यातला ऑक्टेव्ह इफेक्ट काही आठवडे मनापासून वापरून पाहावा आणि मगच वेगळ्या पेडलसाठी पैसे काढावेत. त्या काळात तो इफेक्ट एकदाही लावावासा वाटला नाही, तर प्रश्न तिथेच मिटला.

दुकानातील परीक्षा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि ती घाईने उरकू नये. शहरातल्या दुकानात हवे ते पेडल नमुन्याला नसेल, तर ओळखीच्या वादकाकडून एक संध्याकाळ मागून आणावे, किंवा सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठावी. सीएसएमटीहून धोबी तलाव चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि त्या भागात वाद्यांची जुनी दुकाने आहेत. स्वतःचा बेस आणि स्वतःची केबल बरोबर न्यावी, कारण तारा, पिकअप (तारेचे कंपन टिपणारा भाग) आणि बोट यांवर ट्रॅकिंग अवलंबून असते. दुकानातल्या बेसवर झालेली परीक्षा आपल्या बेसला लागू होईलच असे नाही. ॲक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणारे सर्किट असलेला बेस असेल तर आदल्या रात्री त्याची बॅटरी तपासावी.

पेडलवरचा मूळ आवाजाचा नॉब शून्यावर आणि एक सप्तक खालचा नॉब बारा वाजण्याच्या जागेच्या थोडा पुढे ठेवावा. ए तारेचा बारावा फ्रेट दाबून एकच स्वर खणखणीत छेडावा आणि तो विरेपर्यंत काही करू नये. या एका स्वरात तीन गोष्टी ऐकायच्या आहेत. सुरुवातीला सप्तक लगेच उमटते की चाचपडत येते, मध्यात ते सरळ टिकते की डळमळते, आणि शेवटी तार मंद होत असताना ते हळूहळू विरते की फडफडून एकदम तुटते. शेवटची फडफड थोडीफार सर्वच ॲनालॉग पेडलांत असते. ती किती उशिरा सुरू होते ते पाहावे. मग अकरावा, दहावा असे एकेक फ्रेट खाली उतरत मोकळ्या ए तारेपर्यंत यावे, तिथून ई तारेच्या चौथ्या फ्रेटवर जाऊन शेवटपर्यंत उतरावे, आणि आवाज पहिल्यांदा कोणत्या फ्रेटवर अडखळला ते कागदावर लिहावे. जुन्या धर्तीची पुष्कळ पेडले ई तारेच्या पाचव्या फ्रेटवरच्या ए या स्वराच्या आसपास, म्हणजे ५५ हर्ट्झच्या खाली, डगमगू लागतात. हा दोष मानून पेडल नाकारू नये, कारण त्या भागात सप्तक लावण्याची गरज मुळात नसते. ए तारेच्या बाराव्या ते पाचव्या फ्रेटदरम्यानच अडखळणारे पेडल मात्र परत करावे.

परत करण्याआधी आपल्या बाजूने एक प्रयत्न करावा. मानेकडचा पिकअप निवडावा, बेसवरचा टोन नॉब अर्ध्याहून खाली आणावा आणि उजव्या हाताची बोटे ब्रिजपासून दूर, मानेजवळ न्यावीत. या तिन्हींमुळे उपस्वर कमी होतात आणि मूळ स्वर ठळक होतो, म्हणून त्याच पेडलचे ट्रॅकिंग दोन-तीन फ्रेटांनी सुधारलेले आढळते. न वाजणाऱ्या तारांवर अंगठा टेकवून त्या शांत ठेवणे तितकेच आवश्यक आहे. वरची तार वाजत असताना ई तार नकळत कंप पावत राहिली, तर उत्तम पेडलही चुकते. ऑक्टेव्ह पेडल वापरणाऱ्याचा हात स्वच्छ होतो असे वादक म्हणतात, त्याचे कारण हेच.

त्यानंतर आपण खरोखर वाजवतो अशी एखादी जलद ओळ वाजवावी, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरून पाहावे, आणि शेवटी मूळ आवाजाचा नॉब वर आणून पेडल बंद-चालू करत पातळी जुळवावी. चालू केल्यावर आवाज मोठा झाला, की पेडल चांगले आहे असा कानाचा समज होतो. दोन्ही पातळ्या सारख्या केल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

जोडणी आणि वीज

बहुतेक पेडलांना ९ व्होल्टचा, मधला भाग ऋण आणि बाहेरचा धन असलेला अडॅप्टर लागतो. पेडलवरची खूण आणि अडॅप्टरवरची खूण जुळवावी, आणि पेडलला लागणारे मिलिअँपिअर अडॅप्टरने दिलेल्या आकड्याच्या आत आहेत याची खात्री करावी. अनेक पेडले एकाच अडॅप्टरवर जोडली आणि त्यांत एखादे डिजिटल असले, तर शिट्टीसारखा आवाज येऊ शकतो. अशा वेळी त्याला वेगळा पुरवठा द्यावा.

पेडलांच्या ओळीत ऑक्टेव्हची जागा सुरुवातीला असते. डिस्टॉर्शन, कोरस आणि डिले हे आवाजाचे रूप बदलणारे इतर इफेक्ट त्याच्या पुढे, म्हणजे अँपच्या बाजूला ठेवावेत, कारण विस्कटलेला किंवा थरथरता आवाज ऑक्टेव्हला मिळाला की मोजणी चुकते. कॉम्प्रेसर (आवाजाची पातळी सारखी करणारे पेडल) आधी ठेवल्यास स्वर अधिक काळ एका पातळीवर राहतो आणि शेवटची फडफड उशिरा येते.

जुने पेडल घेत असल्यास फूटस्विच अनेकदा दाबून पाहावा, जॅकमध्ये केबल हलवून खरखर येते का ते ऐकावे आणि बॅटरीचा कप्पा उघडून गंज तपासावा. उत्पादन बंद झालेल्या ओसी-२ साठी भाव चढा मागितला जातो. नावासाठी एवढे पैसे मोजण्याची गरज नवीन वादकाला नाही.

व्यासपीठावर जाण्यापूर्वी

कालिदास कलामंदिरासारख्या सभागृहात किंवा लॉनवर बेसचा आवाज मिक्सरमधून जातो, आणि पुष्कळ मिक्सरांवर प्रत्येक चॅनेलला लो कटचे बटण असते. ते साधारण ७५ ते १०० हर्ट्झच्या खालचा भाग कापते. बेसच्या चॅनेलवर ते दाबलेले राहिले, तर पेडलने तयार केलेले सप्तक श्रोत्यांपर्यंत पोहोचतच नाही. साउंड चेकच्या वेळी ध्वनिव्यवस्थापकाला आपण ऑक्टेव्ह वापरणार असल्याचे आधी सांगावे, ते बटण बंद करून घ्यावे आणि सप्तक चालू ठेवूनच पातळी लावून घ्यावी. नंतर कार्यक्रमात अचानक पेडल दाबले तर सबवूफरवर अनपेक्षित भार येतो. सप्तकाचा नॉब सरावातल्यापेक्षा थोडा खालीच ठेवून सुरुवात करावी. बँडबरोबर नाशिक ढोल असेल, तर ढोलाचा ठोका आणि बेसचा खर्ज एकाच पट्टीत येतात आणि दोन्ही गढूळ होतात. ढोल चालू असलेल्या भागात पेडल बंद ठेवून साध्या बेसवर वरच्या फ्रेटांवर वाजवावे आणि ढोल थांबून नुसती गिटार उरते त्या कडव्यात ते चालू करावे.